मावशी, तुम्हाला तेव्हा दिसत होतं

प्रिय मावशी,

सलाम.

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवील. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, डोळ्यावर पट्टी आहे, वाचायला डॉक्टरांनी मनाई केलीय, असं ती सांगत होती. म्हणजे या वेळी तुम्हाला खरंच दिसत नाहीये. ठीक आहे, विश्वास ठेवते. २०२२ सालीही ठेवला होता आणि चांगली फसले होते. त्या फसवणुकीबद्दलच आभार मानायचेत, तेही चारचौघांत. कारण दोघीच असताना मी विषय काढला की तुम्ही "चहा टाक आधी" म्हणून उठता.

तुम्हाला जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमचे पाळकसाहेब, चर्चचे धर्मगुरू आणि माझे यजमान (घरातही मी त्यांना हेच म्हणायचे, थट्टेत सुरू झालं आणि तसंच राहिलं) त्या फेब्रुवारीत एका शनिवारी संध्याकाळी गेले. उद्याचा संदेश, म्हणजे रविवारचं प्रवचन, लिहीत बसले होते. बायबलमधला पाच भाकरी आणि दोन मासळ्यांचा उतारा. त्यांच्या संदेशात तीन मुद्दे असायचेच. मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, पोरं बोटं मोजायची. त्या कागदावर दोन मुद्दे पूर्ण लिहिलेले आहेत आणि खाली नुसता '३'. पुढे काही नाही. चहा घेऊन मी खोलीत गेले तेव्हा पेनाचं टोपण उघडंच होतं.

नगर जिल्ह्यातलं ते आमचं चौथं पाळकगृह. एकतीस वर्षं मी पाळकीणबाई होते, आणि पाळकीणबाईचं एक काम कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं: मयताच्या घरी जाऊन बायकांमध्ये बसायचं आणि काहीतरी बोलायचं. मी बोलायचे. "देवाची योजना आपल्याला कळत नाही." "प्रभूनं दिलं, प्रभूनं नेलं." "ते आता चांगल्या ठिकाणी आहेत." खोटं बोलत नव्हते मी, मला ते खरंच वाटायचं. पण रविवारी त्यांना माती देऊन घरी आले आणि ही सगळी वाक्यं एकेक करून माझ्याच दारात आली. ज्या घरांत मी ती ठेवून आले होते, त्याच घरांतल्या बायका ती प्रेमानं परत घेऊन आल्या होत्या. तेव्हा कळलं की ती किती बोचतात. वर एक खास माझ्यासाठीचं होतं: "बाई, तुम्हीच खचलात तर मंडळीनं कुणाकडं बघायचं?"

तुम्ही त्या दिवशी काहीच बोलला नाहीत. एकदाच बोललात. पेटी उचलायच्या आधी नात्यातल्या एकीनं माझ्या गळ्याला हात घातला. काळ्या मण्यांत क्रूस ओवलेलं माझं मंगळसूत्र तिला काढायचं होतं. आपण ख्रिस्ती झाल्याला चार पिढ्या झाल्या, तरी ही रीत कोणत्या ना कोणत्या दारानं घरात येतेच. तुम्ही तिचा हात धरलात, नर्स नाडी बघायला धरते तसा, आणि म्हणालात, "राहू दे. तिला वाटलं तर तीच काढेल." त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केल्याचं पेपरात आलं, तेव्हा मला तुमचा तो हात आठवला. मंगळसूत्र मी अजून घालते. कधी कधी काढून ठेवते. ज्या दिवशी जसं वाटेल तसं.

मग दोनेक आठवड्यांनी तुम्ही संध्याकाळी काठी टेकत आलात आणि म्हणालात, "पाळकीणबाई, मला हल्ली दिसत नाही. बायबल वाचायचं राहून जातं. रोज एक स्तोत्र वाचून दाखवाल?"

मी तेव्हा प्रार्थना थांबवली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. जेवणाआधी डोळे मिटायचे आणि मनात काहीच म्हणायचे नाही. पण म्हाताऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? शिवाय आयुष्यभराची सवय. आपल्यासाठी उठवत नसलं तरी दुसऱ्यासाठी उठवतं.

मला वाटलं, तेविसावं सांगाल. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." ते मला त्या दिवसांत वाचवलंच नसतं. तुम्ही तेरावं काढायला सांगितलंत. त्यात दावीद देवाला विचारतो, मला कुठवर विसरणार आहेस? दुसऱ्या दिवशी बाविसावं, जे येशूनं वधस्तंभावर म्हटलं: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" मग बेचाळिसावं, ज्यात आसवंच रात्रंदिवस अन्न झालीत. दीडशे स्तोत्रांत अशी तक्रारीची स्तोत्रं किती भरलीत, हे पाळकाच्या घरात तीस वर्षं राहून माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. उपासनेत आपण स्तुतीची वाचतो आणि तक्रारीच्या स्तोत्रांतलीही शेवटची चार गोड वचनं उचलतो.

आणि अठ्ठ्याऐंशीवं. ते वाचताना मी शेवट गोड होण्याची वाट बघत होते, कारण बाकीच्यांचा होतो. रडणारा शेवटी कुठेतरी वळतो, "तरीही मी तुझी स्तुती करीन" म्हणतो. याचा होत नाही. अंधारापाशी येऊन ते संपतं. मी पान उलटून पाहिलं, पुढं एकोणनव्वदावं सुरू झालेलं. मला राग आला. "मावशी, हे असं कसं बायबलमध्ये राहिलं?" तुम्ही म्हणालात, "कुणीतरी राहू दिलं. कुणाला तरी लागणार होतं." आणि मग, पहिल्यांदा 'पाळकीणबाई' सोडून, 'तुम्ही' सोडून म्हणालात, "पोरी, तुला प्रार्थना होत नाहीये ना? नको करू. तुझ्या वाट्याची मी करते. तू नुसतं आमेन म्हण. तेही जमलं तर."

माझं मला कुणी 'पोरी' म्हटल्याला किती वर्षं झाली होती! त्या संध्याकाळी मी रडले. माती देताना रडले नव्हते. तेव्हा लोक बघत होते.

लाजराची गोष्ट तुम्ही माझ्याकडून लागोपाठ दोनदा वाचून घेतलीत. योहानाचा अकरावा अध्याय. लाजर कबरेत गेल्याला चार दिवस झाल्यावर येशू बेथानीला येतो. मार्था पुढं येऊन म्हणते, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. मग मरीया येते आणि तीही हेच म्हणते. मी कितीदा वाचलं असेल. दोघींचं वाक्य एकच आहे याकडं लक्ष नव्हतं. तुम्ही म्हणालात, "चार दिवस घरात एकमेकींना तेच म्हणत असणार त्या." आणि मग तुमच्या मिरजेच्या दिवसांबद्दल बोललात, मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकलात तेव्हाच्या. मार्थाला बोलायचं होतं, तिच्याशी तो पुनरुत्थानाचं बोलला. मरीयेला बोलायचं नव्हतं, तिच्यापुढं तो नुसता रडला. कुठल्या नातेवाइकाशी बोलायचं आणि कुणाजवळ नुसतं उभं राहायचं, हे वॉर्डात कळायला मला दहा वर्षं लागली, असं म्हणालात. बायबलमधल्या दुःखी ईयोबाच्या मित्रांचंही तसंच. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले. "तोवर बरे होते की," तुम्ही म्हणालात, "मग तोंड उघडलं आणि घाण केली." पाळकसाहेब असते तर हे वाक्य त्यांनी नक्की संदेशात वापरलं असतं, जरा धुऊन.

एप्रिलात ईस्टर आला. पहाटे दफनभूमीत उपासना, मेणबत्त्या, गाणी. दर वर्षी मी पहिल्या रांगेत असायचे. त्या वर्षी नको वाटलं आणि नको वाटण्याचीही लाज वाटली. तुम्ही म्हणालात, रविवारी जाऊच नकोस, आपण सोमवारी जाऊ. सोमवारी बादलीत चुना भिजवून, दोन कुंचे घेऊन आपण दोघी गेलो. पण त्यांची कबर मातीचीच होती अजून. माती बसायला एक पावसाळा जावा लागतो, मग बांधकाम. चुना लावणार कशाला? बादली तर भरलेली. तुम्ही शेजारच्या एका लहान कबरेकडं बोट दाखवलंत. दगडावरचं नाव पावसानं गेलेलं, एखाद्या लेकराची असावी. तिला आपण दोन हात दिले. उन्हात ती इतकी पांढरी दिसायला लागली की डोळे दिपले. त्या दिवशी मला भूक लागली. बऱ्याच दिवसांनी.

त्या दरम्यान पत्र आलं होतं. मे अखेर पाळकगृह रिकामं करावं. पत्र सभ्य होतं, आणि चूकही नव्हतं. नवीन पाळक येणार, त्यांचीही लहान लेकरं. पाळकाचं घर कधीच त्याचं नसतं, हे लग्न झालं त्या दिवसापासून मला माहीत होतं. तरी नवरा गेल्यावर चौथ्या महिन्यात घर जातं तेव्हा माणूस आपली भांडी मोजत बसतो. पुस्तकांचीच सतरा खोकी झाली. तुम्ही सांगितलंत, मृत्यूच्या दाखल्याच्या दहा झेरॉक्स आधीच काढून ठेव, प्रत्येक खिडकीवर एक मागतात. अकरा लागल्या. बँकेत तुम्ही माझ्याबरोबर तीन तास बाकावर बसलात आणि गुडघे दुखतात असं एकदाही म्हणाला नाहीत.

बांधाबांध करताना एका खोक्यात माझीच जुनी भाषणाची वही सापडली. महिला दिनाला मी पंडिता रमाबाईंवर बोलायचे. १८५८ चा जन्म, दुष्काळात आईवडील गेले, भाऊ गेला, १८८२ साली नवरा पटकीनं गेला, पुढं इंग्लंड, बाप्तिस्मा, अमेरिका, मग केडगावची मुक्ती, निराधार बायकामुलींसाठीची संस्था. टाळ्या. तुम्ही तिथंच वाढलेल्या, म्हणून मी कौतुकानं वही दाखवली. तुम्ही विचारलंत, "आणि मनोरमा?" ती वहीत नव्हती. एकुलती एक लेक १९२१ च्या जुलैत गेली, रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत, १९२२ च्या एप्रिलात गेल्या. मधल्या महिन्यांत त्या बायबलच्या आपल्या मराठी भाषांतराचं काम संपवत होत्या, मुद्रितं तपासत होत्या. मुक्तीतल्या मुलीच छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायच्या. "त्या रडल्या नसतील असं नाही," तुम्ही म्हणालात, "पण प्रुफं यायचीच ना रोज." भाषणात मनोरमेला मी का गाळलं होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. तिथं टाळ्या येत नाहीत.

त्याच दिवशी सगळं उघडं पडलं. मी खोक्यांवर चिकटपट्टी लावत होते आणि तुम्ही पलीकडं खिडकीशी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट हातात धरून म्हणालात, "अगं, या मागच्या महिन्यातच संपल्यात. फेकून दे." पाकिटामागची तारीख! त्या मुंगीएवढ्या अक्षरातली, चष्म्याशिवाय. मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही पाकीट खाली ठेवलंत आणि म्हणालात, "चहा टाक आधी."

आता मी हडपसरला मुलाकडं असते. इथल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते, मला कुणी पाळकीणबाई म्हणत नाही. पहिल्यांदा ते टोचलं, आता मोकळं वाटतं. पेटी-तबल्याच्या जागी कीबोर्ड आलाय, चाली जरा पळतात, मी एक ओळ मागं असते. प्रार्थना होते, रोज नाही. ज्या दिवशी होत नाही त्या दिवशी तेरावं वाचते आणि आमेन म्हणते. सोसायटीत गेल्या महिन्यात एका बाईंचे यजमान गेले. त्या ख्रिस्ती नाहीत. मी गेले, शेजारी बसले आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा काही बोलले नाही. निघताना दहा झेरॉक्सचं तेवढं सांगितलं. अकरा सांगितल्या.

या शुक्रवारी सकाळच्या दौंडच्या डेमूनं तुमच्याकडं केडगावला येते. मोठ्या अक्षरांचं बायबल आणते आहे. कुठलं स्तोत्र ते तुम्ही सांगा. डोळ्यात घालायच्या औषधाच्या बाटलीवरची तारीख मात्र मी वाचणार, तुम्ही नाही.

तुमची,
पोरगी