फुकटची ऊब आणि तापीचं पाणी

ड्योटिंगेन, स्वित्झर्लंड
१८ जानेवारी

तीर्थरूप नानांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही विचारलंत ते फोनवर सांगून भागण्यासारखं नव्हतं. अणुवीज केंद्राच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राचं पाणी फुकटात गोड होतं, मग तापीच्या पाण्यावरून कुणी भांडायला नको, असं गावाच्या ग्रुपवर फिरतंय म्हणे. तुमची हयात भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रात टर्बाइनवर गेली, तेव्हा तुमच्याच भाषेत लिहितो.

उष्णता वाया जाते हे खरंच. अणुभट्टीतल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो. बाकीची कंडेन्सरमधून, म्हणजे वापरलेल्या वाफेचं थंड करून पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्रातून, नदीत, नाहीतर कूलिंग टॉवरमधून आभाळात. पण कंडेन्सरचं पाणी असतं किती गरम? पस्तीस-चाळीस अंश. मे महिन्यात आपल्या गच्चीवरची टाकी त्याहून तापते! भाभा केंद्राने मुंबईत ट्रॉम्बेला सायरस अणुभट्टीच्या टाकाऊ उष्णतेवर पाणी गोड करून दाखवलंय, हवा काढून दाब उतरवला की पाणी कमी तापमानाला उकळतं म्हणून. पण ते दिवसाला ३० हजार लिटर, म्हणजे तीनेक टँकर.

मोठं काम करायचं तर वाफ कंडेन्सरपर्यंत पोचण्याआधीच टर्बाइनमधून काढावी लागते. तुमच्या भाषेत ब्लीड. काढली की तेवढी वीज घटली, म्हणजे फुकट कुठे राहिलं? माझ्या खोलीतली ऊब अशीच येते. इथल्या बेझनाऊ अणुवीज केंद्रात ब्लीडच्या वाफेवर पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापवतात आणि जमिनीखालच्या नळांतून आसपासच्या गावांत खेळवतात. गेली चाळीस वर्षं हे चालू आहे. आईला सांगा, किरणोत्साराची भीती नको: अणुभट्टीचं पाणी वेगळं, टर्बाइनची वाफ वेगळी आणि घरात येणारं पाणी तिसरंच. एकमेकांत मिसळत नाहीत. गोसगेनचं केंद्र तर १९७९पासून जवळच्या पुठ्ठ्याच्या कारखान्याला वाफ पुरवतं. दोन्हीकडे गिऱ्हाईक दाराशी आहे, म्हणून जमतं. वीज हजार किलोमीटर जाते, वाफ नाही.

समुद्राच्या पाण्याचे दाखलेही आहेत. कझाकस्तानात कॅस्पियनकाठच्या वाळवंटात अक्ताऊ शहर वसवलं, तिथे बीएन-३५० अणुभट्टीने १९७३ ते १९९९ वीज आणि गोडं पाणी दोन्ही दिलं. आपल्याकडे कल्पाक्कमला दिवसाला ६३ लाख लिटरचा प्रकल्प उभारला. त्यातले ४५ लाख वाफेवर, १८ लाख आरओने, म्हणजे पाणी दाबाने बारीक पडद्यातून गाळून. आता मात्र जगभर नवे कारखाने बहुतेक आरओचेच निघतात. त्याला उष्णता लागत नाही, हजार लिटरला तीन-चार युनिट वीज पुरते. ती वीज अणूची की कोळशाची, पडद्याला त्याचं काही नाही.

आणि आपला समुद्र सुरतेच्या पलीकडे! गोड केलेलं पाणी तापीच्या उलट्या दिशेने चढवत जळगावला आणायचं, तर पंपांच्या बिलातच सगळं बुडेल. मुंबई-सुरतेने समुद्राचं प्यावं, आपण हतनूर-गिरणा धरणांचं जपावं, असं माझं मत.

उष्णतेचं म्हणाल तर अणुभट्टीची वाट बघायचं कारण नाही. ब्लीड दीपनगरलाही आहेच. नंदुरबारची मिरची पथारीवर वाळते आणि अवकाळी पावसात भिजून काळी पडते. साठ-सत्तर अंशांची कोरडी हवा तिला पुरे. पण नंदुरबार लांब, वाफ तिथे पोचायची नाही. रावेरची केळी त्यामानाने जवळ. केळीला हवी थंडी, आणि नव्वदेक अंशांच्या पाण्यावर चालणारी थंडी करणारी यंत्रं मिळतात. कॉम्प्रेसर लागत नाही. रावेरही वाफेला दूरच, पण केळीचं शीतगृह भुसावळला केंद्राच्या कुंपणालगत बांधायला काय हरकत? केळी नाहीतरी भुसावळमार्गेच उत्तरेला जाते. कूलिंग टॉवरचं पाणी किती वाचेल हेही पाहायला हवं. इथे तर कडक उन्हाळ्यात आरे नदीच इतकी तापते की बेझनाऊला उत्पादन कमी करावं लागतं.

तुमच्या जुन्या मित्रांना विचारून एवढं कळवा: पाचशे मेगावॉटच्या संचात शेवटच्या दोन ब्लीडना तापमान किती मिळतं, आणि उन्हाळ्यात लोड कमी असताना त्यात किती फरक पडतो? आकडे आले की हिशेब मांडून पाठवतो.

आईला नमस्कार.

तुमचा,
बाळू