फायबरचे घोडे रस्त्यात अडते

महोदय,

‘लँडलाइन बंद पडली आहे, दुरुस्त होत नाही, फायबर मागितले तर ते आमच्या गल्लीत आलेले नाही’ अशा आशयाची पत्रे आपल्या वाचकांच्या सदरात अधूनमधून येत असतात. त्यांतला राग रास्त आहे. मात्र दूरध्वनी खात्याच्या केबल विभागात नोकरी केलेला माणूस म्हणून, जुन्या तारांवरून नव्या सेवा देताना काम नेमके कुठे अडते याविषयी थोडे लिहावेसे वाटते. कारण सगळा दोष लाइनमनच्या माथी मारून मोकळे झाले, की ज्यांना जाब विचारायला हवा ते आपोआप सुटतात.

घरात येणारी तांब्याच्या तारांची जोडी बोलण्यासाठी टाकलेली होती. माणसाचा आवाज कळण्याजोगा पोहोचवायला ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढा पट्टा पुरतो आणि तेवढ्यासाठी तार चार-पाच किलोमीटर लांब असली, वाटेत तिला अनेक जोड असले, तरी निभावते. जानेवारी २००५मध्ये एमटीएनएल आणि बीएसएनएल यांनी याच तारांवर ब्रॉडबँड सुरू केले, तेव्हा त्यांच्यावरून सुमारे ११ लाख हर्ट्‌झपर्यंतचे संदेश धावू लागले. कंप्रता (फ्रीक्वेन्सी) जितकी जास्त तितका संदेश तारेत लवकर क्षीण होतो. त्यामुळे तांब्यावरून ब्रॉडबँड देण्याच्या, पुढे आलेल्या एडीएसएल-२ प्लस तंत्राची कागदावरची क्षमता २४ एमबीपीएस असली, तरी दूरध्वनी केंद्रापासून चार किलोमीटरवरच्या ग्राहकाला तिचा चौथा हिस्सा मिळणेही कठीण असते. हे अंतरही सरळ रेषेतले नव्हे. केंद्रातून पिलर (रस्त्याकडेची मोठी जोडपेटी), पिलरमधून डीपी (घरांजवळची छोटी वाटपपेटी) आणि डीपीवरून घर अशा वळणांनी केबल जितकी फिरली असेल तितके ते धरावे लागते.

त्यात जोडांची भर. पावसाळ्यात जोडात पाणी शिरले की बोलताना खरखर येते आणि माणूस ती सहन करून बोलत राहतो, पण मोडेमला ती सहन होत नाही. त्याची जोडणी तुटते, पुन्हा लागते, पुन्हा तुटते. लाइनमन येतो, डायल टोन ऐकतो आणि लाइन ठीक असल्याचा शेरा मारून जातो. तो खोटे बोलत नसतो, त्याची तपासणी आवाजापुरती असते. उलट, जोडीतली एक तार तुटून फोन मुका झाला तरी इंटरनेट रखडत का होईना चालू राहिल्याचा चमत्कारही आमच्या क्षेत्रातल्या लोकांना ठाऊक आहे. पूर्वीच्या ग्राहकाकडे गेलेला फाटा न कापता तसाच लोंबत ठेवलेला असेल, तर त्याच्या टोकावरून संदेश परततो आणि वेग खातो. असे फाटे कुठे आहेत, कोणती जोडी चांगली आहे, हे नोंदवहीपेक्षा जुन्या लाइनमनच्या डोक्यात जास्त होते. २०१९च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत बीएसएनएलचे ७८ हजारांहून अधिक आणि एमटीएनएलचे १४ हजारांहून अधिक कर्मचारी जानेवारी २०२०अखेर एकदम बाहेर पडले. पगाराचा बोजा कमी झाला खरा, पण ही माहिती कागदावर उतरवून घेण्याची तसदी त्याआधी कोणी घेतल्याचे दिसले नाही.

मग सरळ सगळे तांबे काढून फायबर का टाकत नाहीत? फायबर स्वतः महाग राहिलेले नाही; खर्च होतो तो रस्ता खोदण्याचा आणि पूर्ववत करण्यासाठी पालिकेकडे भरायच्या शुल्काचा. जुन्या केबल बऱ्याच ठिकाणी नळीतून न नेता थेट मातीत पुरलेल्या आहेत, त्यामुळे जुनी ओढून तिच्या जागी नवी सारणे शक्य नसते. पावसाळ्यात खोदकामाला मनाई, त्यात मुंबईसारख्या शहरात रस्ते काँक्रीटचे होत आहेत आणि असा रस्ता झाल्यावर तो कोणी फोडू देत नाही. परिणामी फायबर खांबांवरून आणि झाडांवरून लोंबकळते आणि फांदी पडली की अख्खी आळी बंद. मार्गाधिकाराचे, म्हणजे केबल टाकण्यासाठी रस्ता-जमीन वापरू देण्याचे, नियम २०१६मध्ये आले, नवे नियम १ जानेवारी २०२५पासून लागू झाले. तरीही रस्ता नव्याने बांधताना कडेला सर्व कंपन्यांना भाड्याने घेता येईल अशी रिकामी नळी टाकून ठेवण्याची साधी गोष्ट आपल्याकडे सर्रास होत नाही. माझ्या मते सर्वांत मोठा दोष इथे आहे, आणि तो दूरध्वनी कंपन्यांपेक्षा नगरपालिकांचा आहे.

सरकारही यातून सुटत नाही. घरोघर पोहोचलेली तांब्याची जोडी इतर कंपन्यांना भाड्याने वापरू द्यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००४मध्ये केली होती. ती मान्य झाली नाही. सरकारी कंपन्यांनी तारा स्वतःकडे राखल्या, पण ग्राहकाच्या जवळ उपकरणे नेऊन त्यांचा वेग वाढवण्यावर पुरेसा पैसा घातला नाही. आज ते तांबे भंगाराच्या भावात चोरांना तेवढे हवेसे वाटते.

एका गोष्टीकडे मात्र फायबरचे समर्थकही डोळेझाक करतात. साध्या फोनला वीज तारेतूनच, केंद्रातल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून मिळते. फायबरच्या टोकाला असलेल्या पेटीला घरातली वीज लागते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरात वीज गेली, तशी पुन्हा गेली तर फायबरवरचा फोन बॅटरी नसलेल्या घरात त्याच क्षणी बंद पडणार. लिफ्टमधला आणीबाणीचा फोन, एकट्या राहणाऱ्या वृद्धाचा फोन यांचे काय? ब्रिटनमध्ये जुने दूरध्वनी जाळे बंद करण्याची डिसेंबर २०२५ची मुदत जानेवारी २०२७पर्यंत पुढे ढकलावी लागली, त्यामागे घरात मदतीची घंटा बसवलेल्या वृद्ध आणि आजारी ग्राहकांची काळजी हे एक मोठे कारण होते.

म्हणून कोणत्याही केंद्रातले तांबे बंद करण्यापूर्वी त्या भागातल्या ग्राहकांना लेखी पूर्वसूचना, फायबरच्या पेटीसोबत काही तास चालेल अशी बॅटरी आणि तोच दूरध्वनी क्रमांक कायम ठेवण्याची हमी कंपनीने द्यावी, असा स्पष्ट नियम नियामक प्राधिकरणाने करावा. आणि यापुढे रस्त्याच्या काँक्रिटीकरणाची निविदा काढताना केबलसाठीच्या नळीचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरणे महापालिकांना बंधनकारक करावे, अशी राज्याच्या नगरविकास विभागाला या पत्राद्वारे विनंती आहे.

– एक निवृत्त दूरध्वनी अभियंता, ठाणे