सुरी पोचली की एक रुपया दे

ग्रँड रॅपिड्स, मिशिगन
२३ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

छोटी, दोघांना वाचून दाखवताना सावकाश वाच आणि मध्ये स्वतःचं काही घालू नकोस.

मी मजेत आहे. थंडी पडलीय, पण घरात हीटर आहे, जेवण वेळेवर होतं. बाकीचं व्हिडिओ कॉलवर दिसतंच. फोनवर मी सुऱ्या बनवायचा विषय काढला की आई म्हणते, "इंजिनियर झालास तो सुऱ्या घासायला?" आणि पुढचं राहून जातं. म्हणून हे पत्र.

आधी बाबांची काळजी. शिकारीच्या सुऱ्या बनवतो म्हणजे मी शिकारीला जातो असं नाही. इथे १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणं मारायचा हंगाम उघडतो, दरवर्षी तीच तारीख, आपल्याकडे १ ऑगस्टला बोटी सुटतात तसा. ऑफिसातली माणसं रजा टाकून, केशरी जाकिटं चढवून रानात जातात. मी गॅरेजात होतो, शेजारच्या आजोबांबरोबर. बंदुकीला हातही लावलेला नाही.

आजोबा सत्तरीच्या पुढचे आहेत, जन्मभर हेच केलंय. शिकारीची सुरी असते छोटीच, पातं जेमतेम चार इंच. पण हरणाच्या पोटात हात घातला की बोट कुठे आणि धार कुठे ते दिसत नाही, त्यात रक्ताने हात बुळबुळीत. म्हणून मुठीला पुढे खाच ठेवतात, बोट तिथे अडतं. पातं भट्टीत तापवताना लोहचुंबक लावून बघायचं. चिकटायचं थांबलं की ७७० अंश झालं. अजून थोडं तापवायचं आणि कोमट तेलात बुडवायचं. आपला लोहार पाणी देतो म्हणतो, ते इथे खायच्या तेलात देतात. गॅरेजभर भजी तळल्याचा वास. त्यानंतर पातं काचेसारखं ठिसूळ असतं. माझं पहिलं हातातून फरशीवर पडलं आणि सरळ दोन तुकडे झाले. म्हणून ते ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास ठेवायचं. सुकल्या गवतासारखा पिवळा रंग आला की बरं वाटतं, का ते मला सांगता येणार नाही. मास्क आणि चष्मा लावतो, आई. अंगठ्याला पट्टी दिसली होती ती बेल्ट ग्राइंडरची. टाके दोनच होते.

आता मित्राबरोबर पाठवलेल्या पार्सलचं, आई. जुलैत छोटीकडून तुझ्या पंजाचा ठसा कागदावर काढून मागवला होता, तो या सुरीसाठी. मासा सोलायची सुरी आहे. पातं सात इंच, पातळ, वाकवलं तर वाकतं आणि सोडलं की सरळ होतं, म्हणजे काट्याला घासून फिरतं. हे पोलाद मुळात दाढीच्या पात्यांसाठी निघालेलं, गंजायला वेळ लावतं. मूठ केशरी आहे, त्यावर तू बोलणारच. लाकडाची केली नाही, कारण तुझा हात दिवसभर खाऱ्या पाण्यात आणि बर्फात. लाकूड फुगतं, वास धरतं. ही काचेचं कापड राळेत दाबून केलेली आहे आणि बर्फाच्या पाटीत पडली तरी लांबून दिसेल.

तू ती वापरणार नाहीस, मला माहीत आहे. तुझ्या विळीचं पातं उभं आणि मासा फिरतो. इथे मासा आडवा आणि सुरी फिरते. वर हे लोक दोन बाजूंचं मांस काढून डोकं फेकून देतात! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी डोकी मागून घेतली आणि कालवण केलं. आजोबांनी एक घास खाल्ला, पुढे काही बोलले नाहीत.

एक गोष्ट मात्र करायची. खोक्यात सुरीला चिकटवलेलं तांब्याच्या रंगाचं नाणं आहे, पेनी म्हणतात. इथे सुरी भेट दिली तर नातं कापलं जातं असं मानतात. म्हणून देणारा सुरीबरोबर एक पेनी देतो आणि घेणारा तीच पेनी त्याला परत करतो, म्हणजे ती विकत घेतली असं होतं. विकली म्हटल्यावर कापायचं कारण उरत नाही. स्वतःचंच नाणं परत घेऊन व्यवहार कसा होतो, हे मी आजोबांना तीनदा विचारलं. ते म्हणाले, होतो. याच महिन्यात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने शेवटची पेनी पाडली, आता काय करतील कोण जाणे. माझ्याकडे बरणीत अकरा आहेत, अकरा सुऱ्यांच्या. आजवरची कमाई तेवढीच, कारण या व्हिसावर मला धंदा करता येत नाही. तेव्हा बाबा, "नोकरी सोडणार का" हे विचारू नका. आमच्यातल्या दोघांची नोकरी गेली, माझी आहे.

तू पेनी राहू दे, एक रुपया दे. घेऊन येणाऱ्या मित्राच्या हातात.

पैसे बुधवारी टाकलेत, एक लाख. दीड म्हणालो होतो, उरलेले जानेवारीत नक्की. ग्राइंडर उन्हाळ्यात घेतला, तेव्हा छोटीचं लग्न ठरलं नव्हतं. हॉलवाल्याला माझा नंबर द्या, मी बोलतो.

छोटी, हळदीला मी नसेन. आलो तर व्हिसाचा शिक्का बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीतून नवा घ्यावा लागेल आणि तारीख मिळेपर्यंत नोकरी थांबणार नाही. रात्रभर व्हिडिओवर असेन, ब्रास बँड वाजला की फोन त्या बाजूला धर. मावशीने पाठवलेला माहीमच्या मुलीचा फोटो पाहिला. चांगली आहे. घाई करू नका, आणि सुऱ्यांचं तिला मीच सांगेन.

मित्र ९ डिसेंबरला उतरतोय, १२ला संध्याकाळी कोळीवाड्यात येईल. सुरी सामानाच्या बॅगेत आहे, म्यानात, कुणी अडवणार नाही. जेवायला आग्रह करा, पण तो शाकाहारी आहे. सुकट भाजणार असाल तर दुपारीच भाजून खिडक्या उघड्या ठेवा.

तुमचा,
बाळू