किडनी एक, म्हणून खेळ बंद?

मा. संपादक, स.न.वि.वि.

माझ्या मुलाला जन्मापासून एकच किडनी आहे, आणि शाळेला हे कळलं तेव्हापासून पीटीच्या तासाला त्याचं काम एकच, झाडाखाली बसून सगळ्यांच्या बाटल्या सांभाळायच्या. सरांचा हेतू वाईट नाही, ते घाबरतात, खरं तर आधी मीच घाबरले होते. पण डॉक्टर म्हणाले की खेळताना मुलांच्या किडनीला मोठी इजा होणं मुळातच दुर्मिळ, आणि जी होते तिच्यात सायकलवरून पडणं फुटबॉलच्या पुढे आहे. आम्ही फुटबॉल बंद केला होता आणि शाळेत रोज सायकलने पाठवत होतो, बोला आता! अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा अशा मुलांवर सरसकट बंदी घाला म्हणत नाही, एकेका मुलाचं वेगळं बघून ठरवा म्हणते.

सगळंच चालतं असंही नाही हां. किडनी जागेवर असली तर खालच्या बरगड्या आणि पाठीचे स्नायू तिला सांभाळतात, पण ट्रान्सप्लांटची किडनी पुढे ओटीपोटात बसवतात, तिथे कुठली आलीय बरगडी, कोणाचा गुडघा बसला तर थेट तिलाच. त्या मुलांनी कुस्ती, बॉक्सिंग टाळलेलंच बरं. डायलिसिसवाल्या मुलाचा फिश्चुलाचा हात, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून रक्तवाहिन्या जोडलेला हात, जपायला लागतो. आणि पाण्याचं तर सरांनी घरी विचारूनच ठेवावं, कारण एकाला डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं असतं तर दुसऱ्याच्या किडनीला पाणी धरूनच ठेवता येत नाही, त्याला तासाच्या मधे पाणी प्यायला आणि टॉयलेटला सोडावंच लागतं, तिथे 'आत्ताच गेला होतास ना' चालत नाही.

अजून एक, पाय मुरगळला की पटकन आयब्युप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी देतात, ती किडनीच्या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यात घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर अजिबातच नको. आणि पोटाला किंवा कमरेत मार लागून लघवी लाल किंवा कोलासारखी झाली तर उद्या बघू म्हणायचं नाही, लगेच हॉस्पिटल.

आमच्या डॉक्टरांनी पळणं, पोहणं, बॅडमिंटन, फुटबॉल चालेल असं स्पष्ट लिहून दिलंय. तीन आठवडे झाले, चिठ्ठी ऑफिसात आहे आणि मुलगा झाडाखालीच.

– एक पालक