दहाव्या नंबरवरचं गाणं

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत रॉक गाण्यांवर लेख आला होता, त्यात द किलर्स या अमेरिकन रॉक बँडच्या 'मिस्टर ब्राइटसाइड' या गाण्याला एका ओळीत उडवून लावलंय, म्हणे दहाच्या वर कधी गेलंच नाही. आकडा बरोबर आहे हो. 2004 ला ब्रिटनच्या चार्टवर, म्हणजे गाण्यांच्या दर आठवड्याच्या क्रमवारीत, दहावा नंबर, पुढच्या वर्षी अमेरिकेच्या बिलबोर्ड चार्टवरही दहावाच. पण तेवढंच छापलं की वाचणाऱ्याला वाटणार गाणं जेमतेम चाललं, आणि इथे तर प्रकार नेमका उलटा आहे.

लास वेगासच्या या पोरांनी 2003 ला हे गाणं ब्रिटनमध्ये काढलं तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही, मग 2004 ला परत रिलीज केलं, तेव्हा दहापर्यंत चढलं आणि उतरलं. पण नंतर ते ब्रिटनच्या टॉप 100 मध्ये परत परत येतच राहिलं, सगळे आठवडे धरले तर 400 च्या वर! 2024 मध्ये तर नंबर वन न झालेल्या गाण्यांमधलं तिथलं सगळ्यात मोठं गाणं ठरलं (विक्री आणि स्ट्रीमिंग मिळून), आधी तो मान ओअॅसिस या ब्रिटिश बँडच्या 'वंडरवॉल'कडे होता, तेही बिचारं दोनवर अडकलेलं.

आता हे होतं कसं, तर आधी चार्ट म्हणजे त्या आठवड्यात सिंगल (सुटं विकलं जाणारं गाणं) किती विकली एवढाच हिशेब, एकदा विकत घेतली की घरी हजार वेळा वाजवा, चार्टला पत्ता नाही. 2014 पासून ब्रिटनमध्ये स्ट्रीमिंग, म्हणजे इंटरनेटवर गाणं किती वेळा ऐकलं ते, मोजायला लागले, सुरुवातीला 100 स्ट्रीम म्हणजे एक विक्री, आणि तिथे जुन्या गाण्यांचं खरं ऐकणं दिसायला लागलं. मग 2017 ला एड शीरन या ब्रिटिश गायकाची 16 गाणी एकाच आठवड्यात टॉप 20 मध्ये घुसली, सगळीकडे ओरड झाली, तेव्हा नियम आला की एका कलाकाराची तीनच गाणी घ्यायची आणि जुन्या झालेल्या गाण्यांचे स्ट्रीम साधारण अर्ध्या भावाने मोजायचे. म्हणजे ब्राइटसाइड चार्टवर टिकलंय ते हा अर्धा भाव घेऊन, नवीन गाण्यांच्या दुप्पट ऐकलं जाईल तेव्हा कुठे त्यांच्या बरोबरीला येतं.

पहिल्या आठवड्यात नंबर वन व्हायला फॅन्सचा जोर आणि कंपनीची जाहिरात पुरते, असं माझं तरी मत आहे, वीस वर्षांनी लोक लावतात ते कुणी सांगितलं म्हणून नाही. तेव्हा पुढच्या वेळी गाण्याचा सगळ्यात वरचा नंबर छापाल तेव्हा शेजारी ते चार्टवर किती आठवडे होतं तेही छापा ना, फार जागा लागत नाही त्याला.

आपला एक वाचक