सभागृहाची किल्ली कोणाकडे मागायची, मंत्रिमहोदय?

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आमच्या फिल्म क्लबच्या वर्धापनदिनाला आपण आलात आणि भरल्या सभागृहात म्हणालात, "महिन्यातले दोन शनिवार हे सभागृह तुमचं." त्या शब्दावर विसंबून आम्ही येत्या तीन खेळांचं पत्रक छापलं. पहिला खेळ परवाच्या शनिवारी होता. तो झाला नाही. दुपारी चारला पोचलो तर दाराला कुलूप आणि आत कोणाच्या तरी सत्कारासाठी खुर्च्या मांडलेल्या. तीन आठवड्यांपूर्वी दिलेल्या अर्जावर पोच मिळाल्याचा शिक्का आहे, उत्तर मात्र आजतागायत नाही. तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितलं, "मोबाइलवर बघा की."

मोबाइलवर बघायचं असतं, तर आम्ही कशाला जीव काढला असता? खेळ 'बायसिकल थीव्ज' या इटालियन चित्रपटाचा होता, १९४८ सालच्या. सायकल चोरीला गेलेल्या बापाचं काम त्यात कारखान्यातल्या एका खऱ्या कामगाराने केलं आहे. सत्यजित राय यांनी १९५० मध्ये लंडनला तो पाहिला आणि आपणही चित्रपट करायचाच, हे त्यांच्या मनात पक्कं झालं. म्हणून दुसरा खेळ त्यांच्या पहिल्या चित्रपटाचा, 'पथेर पांचाली'चा. तिसरा आपल्या 'संत तुकाराम'चा. १९३६ चा हा मराठी चित्रपट पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. हा क्रम ठरवताना आम्ही दोन महिने आपसांत भांडलो. त्या काळचं चित्र जवळजवळ चौरस, सभागृहाचा पडदा मात्र लांबट. दोन्ही बाजूंची रिकामी जागा झाकायला माझ्या बायकोने घरी काळं कापड शिवलं. ते कापड आता कपाटात घडी होऊन पडलं आहे.

शिवाय चित्रपट दाखवण्याची परवानगी एका ठरलेल्या दिवसापुरतीच होती. तो दिवस गेला, त्याबरोबर सभासदांच्या वर्गणीतून भरलेले पैसेही गेले.

आमचे खेळ चालवणारे काका गावातल्या बंद पडलेल्या थिएटरात ऑपरेटर होते. शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. कुलूप पाहून ते काहीच बोलले नाहीत. वायर गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि पायरीवर बसून राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला मी दारातूनच परत पाठवत होतो. अकरा वर्षं मी हा क्लब चालवतो आहे. पडद्याच्या नळ्या खांद्यावरून वाहून पाठ गेली. बायकोच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी याच सभागृहाच्या परवानगीसाठी टेबलामागून टेबल फिरत होतो. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण माझ्या मनातून ते जात नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर दाराबाहेर उभं राहून माणसांची माफी मागण्यासाठी?

या वर्षात त्या सभागृहात सत्कार किती झाले, कधी विचारलंत? बाहेरच्या फलकावर मी पाहिलेलेच पन्नास-साठ असतील. नाटकं दोन. चित्रपट शून्य. थिएटर बंद पडलं तेव्हा कोणी आलं नाही. वाचनालय आठवड्यातून तीन दिवस उघडतं. मैदानावर गाड्या उभ्या राहतात. महोत्सव मोठ्या शहरांत होतात, त्यांच्या उद्घाटनाला आपण जाता, संस्कृतीवर बोलता. लहान गावातल्या माणसाने संध्याकाळी कुठे जायचं, हा प्रश्न तुमच्या एका तरी बैठकीत निघतो का? कागदावर सगळ्या योजना आहेत. कागद मागायला गेलं की साहेब दौऱ्यावर असतात.

'पथेर पांचाली'चं काम पैशांअभावी अडलं तेव्हा पश्चिम बंगाल सरकारने ते दिले, रस्तेसुधारणेच्या नावाखाली. ही गोष्ट मी सभासदांना दरवेळी अभिमानाने सांगतो: एका सरकारला हे जमलं होतं. आणि ते राय कुठून आले? १९४७ मध्ये मित्रांबरोबर त्यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली होती, तिथून. आमच्यासारखाच क्लब. आमच्या शेवटच्या रांगेत बसणाऱ्या पोरांपैकी उद्या कोण काय करेल, हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. त्यांना अंधार आणि पडदा तरी मिळू द्या.

आम्ही अनुदान मागत नाही. दिलेला शब्द लेखी द्या, महिन्यातले दोन शनिवार, आमच्या नावावर. बुडालेले परवानगीचे पैसे भरून द्या. आणि त्या कर्मचाऱ्याला नव्हे, तर शनिवार आमचे असूनही सत्काराला सभागृह देणाऱ्याला जाब विचारा.

'पथेर पांचाली' येत्या शनिवारी सहा वाजता आहे. पत्रक आम्ही बदललेलं नाही. काका साडेचारला येतील, काळं कापडही सोबत असेल. किल्ली कोणाकडे मागायची, तेवढं शुक्रवारपर्यंत कळवा.

आपला,
फिल्म क्लबचा एक कार्यकर्ता