मामा, तुमच्या पासबुकाबद्दल

मामा, सादर नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभाचा फोटो शाखेतल्या एकाने परवा पाठवला. शाल, श्रीफळ, गळ्यात हार, आणि तुम्ही पार कडेला उभे, जणू सत्कार दुसऱ्याच कुणाचा चाललाय. खाली लिहिलेलं, ‘प्रामाणिक सेवेबद्दल’. बस, एवढंच. फोटो बोटांनी मोठा करून करून पाहिला आणि मला रडूच फुटलं. जे इतकी वर्षं तोंडातून निघालं नाही, ते निदान लिहून तरी टाकावं म्हणून बसलेय. तोंडातून न निघणं हा माझा जुनाच आजार, तुम्हाला तो माझ्याआधी कळला होता.

२०१७ च्या जुलैत मी तुमच्या बँकेच्या शाखेत क्लार्क म्हणून रुजू झाले. घर सिंधुदुर्गात, नेमणूक लातूर जिल्ह्यात. पीक विम्याची मुदत महिनाअखेर संपणार होती, त्यामुळे रांग पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत गेलेली. परीक्षेत एका तासात १०० प्रश्न सोडवून मी आले होते. क्लार्कच्या भरतीतली मुलाखत त्याच्या आदल्याच वर्षी बंद झाली होती, म्हणून तर आत शिरले. मुलाखत असती तर आजही घरी काजू फोडत बसले असते. मोजायला मी कधीच घाबरले नाही. १०० नोटांचं पॅकेट मशीनला लावायच्या आधी बोटांनी मोजून ठेवायचे आणि मशीन माझ्याच बाजूने कौल द्यायचं. अडायचं ते काचेपाशी. समोरच्याला ‘बोला’ एवढं म्हणायचं तरी घसा आवळून यायचा. मागून कुणीतरी ओरडायचं, ‘ओ मॅडम, आवाज द्या की जरा!’ आणि आवाज निघाला तर त्याला आमचा नाकातला हेल. लोक हसायचे. वाईट मनाने नसतील हसत, पण मान खाली जायची ती जायचीच.

यावर उपाय सांगणारे आयुष्यभर भेटले. शाळेत एका बाईंनी ‘हिची भीड मोडते’ म्हणून मला रोज उभं करून धडा वाचायला लावला. भीड राहिली बाजूला, धडाच नकोसा झाला. रुजू झाल्यावरच्या प्रशिक्षणात एक गृहस्थ पडद्यावर सिंहाचं चित्र दाखवून ‘आत्मविश्वास वाढवा’ सांगून गेले. कसा वाढवायचा, ते बहुधा सिंहाला ठाऊक. आणि शाखेतले ते साहेब, ज्यांनी दुसऱ्याच आठवड्यात भर हॉलमध्ये विचारलं, ‘काय हो, तुम्हाला तोंड दिलंय ना देवाने?’ सगळे हसले. तुम्ही तेव्हा व्हाउचरं शिवत होता. तुम्ही हसला नाहीत, वरही बघितलं नाहीत. दाभण तेवढं थांबलं.

दुसऱ्या दिवशी काउंटर उघडला तर पहिले तुम्ही. अंगावर खाकी गणवेश, हातात स्लिप. ‘मॅडम, शंभर काढायचेत.’ मी म्हटलं, ‘बसा ना मामा, मी आणून देते.’ तर म्हणालात, ‘नाही, रांगेनं.’ मागे दहा माणसं ताटकळत असताना तुम्ही सावकाश विचारलंत, जेवण कुठं करायलीस, खोलीला पाणी येतं का, तुमच्याकडं भाताला काय म्हणतात. मी उत्तरं देत गेले. शंभराची नोट घेऊन तुम्ही बाजूला झालात आणि पुढच्या माणसाला मी ‘बोला’ म्हटलं. जरा बरं निघालं.

मग रोजचंच झालं. आज शंभर काढायचे, उद्या शंभर भरायचे, परवा परत काढायचे. खरं सांगू, मला वैताग यायचा. वाटायचं, काय हा चिकट माणूस, शंभराच्या नोटेलासुद्धा घरी मुक्कामाला ठेवत नाही. एकदा मी पुटपुटलेसुद्धा, ‘मामा, एकदमच काढा की हजार.’ तुम्ही म्हणालात, ‘खर्च होत्यात मग.’ मी ते खरं मानलं. पदवीला माझं अर्थशास्त्र होतं, तरी मानलं.

पुढे दोनशेची पिवळी नोट निघाली आणि ‘नवी नोट हाय का?’ हे प्रत्येक जण विचारू लागला. ‘अजून आली नाही’ हे दिवसाला शंभरदा सांगून सांगून घसा मोकळा होत गेला असेल, कोण जाणे. पण दिवसाचं पहिलं वाक्य कायम तुमच्याशी असायचं. पहिलं निघालं की पुढची त्याच्या मागे यायची.

तो निराधारचा दिवस तुम्हाला आठवतो का? संजय गांधी योजनेचे तेव्हा महिन्याला ६०० मिळायचे. तो बोटांत जाड अंगठ्या घातलेला इसम चार-पाच म्हाताऱ्यांना बाकावर बसवून त्यांच्या स्लिपा स्वतःच पुढे करायचा, ‘द्या इकडं, मी देतो त्यांना.’ त्याआधी एकदा मी दिले होते. त्यातल्या एका आजींच्या हातात बाहेर किती पडले, ते मी काचेतून पाहिलं होतं आणि रात्री झोप लागली नव्हती. त्या दिवशी मात्र मी उठून उभी राहिले आणि ओरडले, ‘पैसे ज्याचे त्याच्याच हातात देणार! आजी, इकडे या!’ त्याच नाकातल्या हेलात. सगळा हॉल गप्प. साहेब केबिनमधून डोकावले आणि परत आत गेले. आजी आल्या, अंगठा उठवला, तुम्ही साक्षीला सही केलीत. ६०० रुपये मी त्यांच्या हातावर मोठ्याने मोजले.

मला मदत करायला आलेल्या प्रत्येकाने आधी मला सांगितलं होतं, की मी भित्री आहे. तुम्ही एकट्यानेच ते सांगितलं नाहीत. मला शिकवतोय असं कधी दाखवलं नाहीत, साहेबांशी माझ्यासाठी भांडायलाही गेला नाहीत. त्या मोठ्या गोष्टी करणारे लोक नंतर आयुष्यभर त्याची आठवण करून देतात, हेही मी पाहिलंय. पगाराने, पदाने तुम्ही शाखेत सगळ्यांत शेवटी. पण माणसाची लाज कशी राखायची, हे त्या हॉलमध्ये तुमच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. फार फार आभार, मामा. हे शब्द फार तोकडे पडतात, पण माझ्याजवळ हेच आहेत.

आता पासबुकाचं. जानेवारीत तुम्ही ते माझ्याकडे छापायला दिलंत. यंत्र कर्रकर्र करत राहिलं, पान उलटलं, परत पान उलटलं. १०० नावे, १०० जमा, १०० नावे, १०० जमा. पहिली नोंद, साहेब मला बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशीची. शेवटची, निराधारच्या दिवशी सकाळची. त्यानंतर पगार आणि किराणा, शंभराची एकही नोंद नाही. तुम्ही काचेपाशी यायचे थांबला होतात आणि ते माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

मी पासबुक हातात धरून बसले. तुम्ही पलीकडे उभे, नजर पंख्याकडे. तेव्हाच म्हणायला हवं होतं सगळं. मी म्हटलं, ‘मामा, पासबुक भरलं. नवीन देते.’

तुम्ही म्हणालात, ‘द्या की.’

तुमची,
दोन नंबर काउंटरवाली